प्रहर आणि प्रकाश: निसर्गचित्र, स्थिरचित्र आणि वास्तवदर्शनाचा प्रश्न

विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्र’ हा भाग दिवसाचे प्रहर आणि वर्षाचे ऋतू कसे दाखवावेत हेही चित्रकाराला सांगतो. पहाटेसाठी उगवता सूर्य, मंदावलेले दिवे आणि आरवणारे कोंबडे. मध्यान्हीसाठी उन्हाने कासावीस झालेले प्राणी. सायंकाळसाठी तांबूस आकाश आणि संध्येत मग्न असलेले ब्राह्मण. येथे प्रहर ओळखला जातो तो लक्षणांवरून. सावली कोणत्या अंगाला पडली, ती किती लांब होती, भिंतीचा पांढरा रंग त्या वेळी पिवळा दिसत होता की निळसर, हे प्रश्न या व्यवस्थेत उद्भवतच नाहीत. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्याने नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय आणि सूर्योदय यांची वर्णने करावीत असे सांगितले, तेव्हा त्याच्याही मनात अमुक दिवशीचा अमुक सूर्योदय नव्हता, सूर्योदय या नावाने जे काही कवीला ठाऊक असावे ते होते. चित्र आणि काव्य या दोन्ही शास्त्रांचे याबाबत एकमत आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून भारतात रुजत गेलेल्या वास्तवदर्शी निसर्गचित्रणाचा विचार या पार्श्वभूमीवर करावयाचा आहे. आपल्याकडील कलेतिहासात या चित्रणाची बोळवण बहुधा एका परिच्छेदात होते. ब्रिटिशांनी कलाशाळा काढल्या, त्यांतून हुबेहूब चित्रण आले, पुढे राष्ट्रीय जाणिवेने ते नाकारले, अशी ही मांडणी आहे. तिच्यात ‘हुबेहूबपणा’ हेच परके तत्त्व मानलेले असते. ते पटण्यासारखे नाही. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत आलेल्या चित्राच्या सहा अंगांत ‘सादृश्य’ हे एक अंग आहेच, आणि या षडंगांवर आवर्जून लिहिणारे अवनींद्रनाथ ठाकूर हे वास्तवदर्शनाच्या विरोधकांचे अग्रणी होते. दिसण्यातील साम्य आपल्याला नवीन नव्हते. नवीन होती ती वेळ: एका ठिकाणी, एका प्रहरी, एका माणसाच्या डोळ्यांसमोर असलेला आणि तासाभरात नाहीसा होणारा प्रकाश. वास्तवदर्शी चित्रणाची ओळख साम्याऐवजी प्रहरावरून पटवली, तर उघड्यावरचे चित्र आणि चित्रशाळेतील चित्र यांतील भेद निराळा दिसू लागतो. निसर्गचित्र मराठी मुलखात का फोफावले आणि स्थिरचित्र का खुरटले, याचाही काहीसा उलगडा होतो.

प्रथम युरोपातील स्थिती थोडक्यात पाहू. उघड्यावर बसून चित्र पूर्ण करावे ही कल्पना तेथेही जुनी नाही. फ्रेंच चित्रकार व्हालांसिएन याने १८००मध्ये प्रसिद्ध केलेल्या यथादर्शनावरील ग्रंथात निसर्गासमोर तैलरंगात अभ्यासचित्रे करण्याचा आग्रह धरला. सर्वसाधारण प्रकाशात अशा अभ्यासाला दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये, आणि सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात हात थांबवावा, अशी मर्यादाही त्याने घातली. तथापि त्याच्या दृष्टीने ही अभ्यासचित्रे म्हणजे साठवण होती. प्रदर्शनात मांडावयाचे चित्र चित्रशाळेत, पुराणकथेतील पात्रांसह सिद्ध होई. कॉन्स्टेबलचे ‘द हे वेन’ (१८२१) हे खेड्यातील ओढ्याचे चित्र आज ताज्या हवेचे प्रतीक मानले जाते, पण तेही लंडनच्या चित्रशाळेत, आधीच्या रेखाटनांवरून रंगवलेले आहे. त्याच कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ या वर्षांत हॅम्पस्टेड येथे ढगांची छोटी अभ्यासचित्रे केली आणि त्यांतील अनेकांच्या पाठीवर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा व हवामान यांची टिपणे लिहिली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या पाठींकडे दुर्लक्ष करू नये. चित्राच्या दर्शनी बाजूला जे रंगात आहे त्याची साक्ष मागच्या बाजूला शब्दांत आहे, आणि ते शब्द वर्णनाचे नसून रोजनिशीचे आहेत. १८४१मध्ये जॉन रँड याने रंगासाठी पत्र्याच्या पिळता येणाऱ्या नळ्या आणल्या आणि उघड्यावरचे काम सोपे झाले. परंतु उघड्यावर जाण्याची निकड त्याआधीच निर्माण झालेली होती.

भारताची निसर्गदृश्ये रंगवणारे पहिले नामवंत इंग्रज चित्रकार, १७८० ते १७८३ या काळात येथे असलेला विल्यम हॉजेस आणि त्याच्यामागून आलेले थॉमस व विल्यम हे डॅनिएल चुलते-पुतणे, याच दुहेरी पद्धतीने काम करीत. डॅनिएलांनी जागेवर रेखाटने केली, त्यांसाठी कॅमेरा ऑब्स्क्युरा या उपकरणाचा उपयोग केला, आणि मायदेशी परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने १४४ छापचित्रे प्रसिद्ध केली. गंगेच्या घाटावरील प्रकाश अखेरीस लंडनमध्ये ठरला. या चित्रांतील ‘चित्रोपम’ सौंदर्यदृष्टी, म्हणजे भग्न मंदिर, त्यावर वाढलेला वृक्ष आणि पुढे दोन-चार माणसे अशी मांडणी, वसाहतवादी होती याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती रास्तही आहे. तिच्यात एका गोष्टीची उपेक्षा होते. जागेवर बसून काढण्याची ही रीत अवगत केलेले एतद्देशीय कलावंत कलाशाळांच्या स्थापनेपूर्वीच येथे तयार झाले होते.

पुणे दरबारातील ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट आणि १७९१मध्ये मुंबईस आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या सहवासात गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी कलावंत काम करीत होता. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, मॅलेटच्या पुढाकाराने, शनिवारवाड्यात एक छोटी चित्रशाळाही चालली. गंगारामाने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही त्याने १७९०मध्ये चितारला. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेरूळची रेखाटने पाहताना त्यांतील यथादर्शन चुकले की साधले एवढीच परीक्षा करणे पुरेसे नाही. कातळात कोरलेल्या वास्तूला एकच प्रकाश मिळत नाही; खांबाच्या एका अंगाला दुपार असते आणि आतल्या दालनात रात्र. छायेने घनता दाखवू पाहणाऱ्या चित्रकाराला हा पेच टाळता येत नाही. दुसरे उदाहरण बंगालकडील सीतारामाचे आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयरा याच्या लवाजम्याबरोबर १८१४-१५मध्ये तो कलकत्त्याहून पंजाबच्या दिशेने गेला व परतला, आणि त्या प्रवासाची २३० जलरंगचित्रे त्याच्या नावावर आहेत. १९९५मध्ये ही चित्रे ब्रिटिश लायब्ररीच्या हाती येईपर्यंत त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते, जे. पी. लॉस्टी यांचा या चित्रांवरील ग्रंथ २०१५चा आहे. सीतारामाच्या चित्रांत धूसर क्षितिज आणि नदीवरचा दमट प्रकाश आहे. साहेबाच्या नजरेने पाहायला लावलेला नोकर एवढेच त्याचे वर्णन मला तरी अपुरे वाटते.

जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तेथील शिक्षणाचा पाया मुळात कारागिरीसाठी आखलेला होता: सपाट नमुन्यावरून नक्कल, मग घनाकृती, मग प्लॅस्टरचे पुतळे, मग मानवी देह. या उतरंडीत निसर्गदृश्याला महत्त्वाचे स्थान नव्हते. ते शाळेच्या वेळेबाहेर, सुट्टीच्या दिवशी, वहीत वाढले. १८८८मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाल्यावर तिच्या वार्षिक प्रदर्शनांनी त्याला प्रेक्षक, पारितोषिक आणि गिऱ्हाईक मिळवून दिले. जलरंग या माध्यमानेही हातभार लावला, कारण ते स्वस्त होते, पिशवीत मावत होते आणि तासाभरात निर्णय मागत होते.

मात्र हे माध्यम इंग्लंडच्या हवेत घडलेले होते. श्रावणातल्या कोकणात कागद सुकता सुकत नाही आणि एकावर एक चढवलेले रंग मिसळून जातात. वैशाखातल्या देशावर उलट ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचण्याआधी पहिले टोक वाळते. सूर्य माथ्यावर आला की सावल्या पायाशी गोळा होतात, रंग विरतात, आणि अकरा ते तीन हा वेळ चित्रकाराला निरुपयोगी ठरतो. व्हालांसिएनने सूर्यास्तासाठी दिलेला अर्धा तास मुंबईच्या अक्षांशावर पुरता मिळतही नाही. आपल्याकडे संधिप्रकाश त्याहून लवकर संपतो. चित्रशाळेची गोष्टही अशीच आहे. दिवसभर स्थिर प्रकाश मिळावा म्हणून युरोपीय चित्रशाळेची खिडकी उत्तरेला असते. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारचा सूर्यच माथ्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेची खिडकी त्या दिवसांत ऊन आत घेते. ग्रंथांतील नियम येथे आले तेव्हा प्रत्येक नियमाला येथील हवेशी तडजोड करावी लागली. या तडजोडीतून पश्चिम भारतीय जलरंगाची ओळख घडली. कोवळ्या आणि उतरत्या उन्हाला दिलेली पसंती आणि पहिल्या हातात बसवलेला स्वच्छ रंग या सवयींत आवडीचा वाटा असेल, तसा हवामानाचाही आहे.

या काळाचे दोन लिखित साक्षीदार आहेत आणि ते दोन वेगळ्या भाषांत आहेत. राजा रविवर्मा यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा (१८६०–१९०५) हे निसर्गचित्रकार होते. बंधूंच्या पौराणिक चित्रांच्या कामातही त्यांचा हात असे. त्यांची १८९५ ते १९०४ या काळातील इंग्रजी रोजनिशी संपादित होऊन प्रसिद्ध झाली आहे. दुसरा साक्षीदार म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे १९४०चे मराठी आत्मकथन. एकेचाळीस वर्षांचा हिशेब १८९०मधील त्यांच्या कलाशाळेतील प्रवेशापासून आहे. एक पुस्तक त्या त्या दिवशी लिहिलेले, दुसरे आयुष्याच्या उतरणीवरून मागे पाहणारे. एकात दिवस हे माप आहे, दुसऱ्यात कारकीर्द. हा फरक उघड्यावरचे अभ्यासचित्र आणि चित्रशाळेतील पूर्ण चित्र यांच्यातील फरकासारखाच आहे. मराठी आत्मचरित्राचे अभ्यासक धुरंधरांकडे कलाशाळेचा इतिहास म्हणून वळतात. गद्याचा नमुना म्हणून त्यांच्याकडे पुरेसे पाहिले गेलेले नाही.

मुंबईबाहेर कोल्हापूरचे उदाहरण अधिक बोलके आहे. कलाशाळेत शिकून परतलेले आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि कोटितीर्थ तलावाच्या परिसरात वर्षानुवर्षे चित्रे काढीत राहिले. तेच पाणी, तेच काठ, निरनिराळे प्रहर. १९२२मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर त्यांनी आपली असंख्य चित्रे त्याच तलावात बुडवली अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. ती खरी असो वा नसो, चित्र जेथून घेतले तेथेच परत केले अशी कथा लोकांना रचावीशी वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच शहरात त्याच सुमारास आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत होते. अरण्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, महालाचा, बागेचा. हेही निसर्गचित्रणच होते, यथादर्शनात पक्के आणि प्रेक्षकांना थक्क करणारे; पण ते बंदिस्त जागेत, दिव्यांच्या उजेडासाठी केलेले आणि कोणत्याही एका अरण्याचे नसलेले होते. नाटक बदलले तरी तो पडदा चाले, कारण त्यावर वेळ लिहिलेली नसे. कवी दंडीला अभिप्रेत असलेले अरण्य ते हेच. मराठीने या दोहोंसाठी ‘देखावा’ हा एकच शब्द बराच काळ वापरला. डोंगराचाही देखावा, रंगभूमीवरचाही देखावा, आणि आजही गणेशोत्सवातला देखावा. ‘सृष्टिसौंदर्य’ हा एकोणिसाव्या शतकातील आवडता शब्दही प्रहराला बांधलेला नव्हता. ‘निसर्ग’ या शब्दाचा संस्कृतातील रूढ अर्थ उपजत स्वभाव असा होता. बाहेर पसरलेली सृष्टी हा अर्थ त्यावर इंग्रजी शिक्षणाच्या काळात पक्का झाला, आणि मग ‘निसर्गचित्र’ व ‘निसर्गकविता’ हे जोडशब्द जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे वाढले.

केशवसुत (१८६६–१९०५) आणि धुरंधर एका वर्षाच्या अंतराने जन्मले, हा योगायोग समजू. बालकवी (१८९०–१९१८) यांच्या कवितेला ‘शब्दचित्र’ म्हणण्याची सवय मात्र तपासून घ्यावी लागेल. ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेत रंग इतके मोजके आणि नेमके आहेत की तिचा जलरंगात अनुवाद करता येईल असे वाटते. झरा, गाव, मळे, वाट, डोह, झाड: नजर दूरवरून जवळ येते आणि थांबते. ही मांडणी निसर्गचित्राचीच आहे. परंतु वेळ कोणती? कवितेत प्रहर सांगितलेला नाही, आणि तिची उदासी बहुधा या न सांगण्यातून येते. म्हणजे कवितेने चित्राकडून चौकट घेतली, जागा घेतली, घड्याळ घेतले नाही. मराठी निसर्गकविता चित्रकलेच्या प्रभावाने वास्तवाकडे आली, असे सरसकट विधान म्हणूनच करता येत नाही. प्रहर आणि महिना यांची चित्रकारासारखी नोंद गद्याने अधिक ठेवली. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) महिन्यांच्या क्रमाने चालते आणि झाड कोणत्या दिवसांत कोणत्या रंगाचे होते याचा हिशेब ठेवते.

आता स्थिरचित्राकडे. या चित्रप्रकाराचे नाव भाषागणिक बदलते. डच भाषेतील ‘स्टिललेव्हन’ या शब्दात न हालणारा नमुना आहे, फ्रेंचांच्या ‘नात्यूर मोर्त’मध्ये मृत निसर्ग आहे, स्पॅनिश ‘बोदेगोन’ खाणावळीचा वास घेऊन येतो. मराठीत ‘वस्तुचित्र’ आणि ‘स्थिरचित्र’ हे दोन्ही शब्द शालेय रेखाकला परीक्षांच्या विषयपत्रिकेतून घरोघरी गेले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना बसलेल्या पिढ्यान् पिढ्यांना बादली, तांब्या, वीट, एखादे फळ आणि मागे सोडलेले कापड ठाऊक आहे. शब्द कोठून आला याला महत्त्व आहे. युरोपात फेलिबियाँने १६६७मध्ये चित्रप्रकारांची उतरंड लावताना फळे-फुले तळाशी ठेवली, निसर्गदृश्य त्याच्या वर. तरीही डच व्यापाऱ्यांच्या घरांनी आणि पुढे शार्दँच्या स्वयंपाकघराने त्या तळाच्या प्रकाराला मोठे केले. १७२८मध्ये अकादमीने शार्दँला स्वीकारले ते प्राणी आणि फळे रंगवणारा म्हणूनच. त्याच्या चित्रातील तांब्याचे भांडे कोणीतरी रोज घासते हे दिसते. वस्तू घरची आहे, चित्रकाराच्या सहवासातली आहे, आणि चित्रशाळेतला संथ प्रकाश तिला दिवसेंदिवस पाहू देतो.

आपल्याकडे वस्तू परीक्षकाने मांडली. तिला ठरावीक दोन-तीन तास मिळाले आणि ते संपल्यावर मांडणी मोडली. उघड्यावरच्या चित्रालाही दोनच तास होते, पण ते सूर्याने घातलेले होते. येथे ते घंटेने घातले. शिवाय एक सामाजिक अडचण असावी. देवघरातील समई, माजघरातील पितळी डबे, जात्याजवळचे सूप यांना आपापली जागा आणि सोवळेओवळे होते. त्या वस्तू उचलून मेजावर ‘मांडणे’ म्हणजे त्यांना घरातून काढणे होते. मुघल दरबारात निरीक्षणाची ताकद कमी नव्हती. जहांगीराच्या आत्मवृत्तानुसार उस्ताद मन्सूरने काश्मीरची शंभरावर फुले चितारली. तरीही ते फूल जातीचे उदाहरण म्हणून येते. खिडकीपाशी ठेवलेले, उद्या सुकणारे म्हणून येत नाही. पश्चिम भारतात वस्तू स्वतःच्या घरची म्हणून चित्रात आली त्याचे एक ठळक उदाहरण गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) यांचे आहे. मिस्साचे पेले आणि चर्चमधील पात्रे त्यांच्या स्थिरचित्रांत पुन्हा पुन्हा येतात. ती चित्रे वास्तवदर्शी शैलीतली नाहीत, आणि ते कलाशाळेतून १९४५मध्ये काढून टाकलेले विद्यार्थी होते. वस्तुचित्राच्या इयत्तेतून बाहेर पडल्यावरच वस्तू सापडली असे म्हणण्याचा मोह आवरावा लागतो.

चित्रशाळेतील प्रकाशाचा कस मराठी मुलखात पाहावयाचा तर तो स्थिरचित्रात न पाहता सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या हातात दिवा घेतलेल्या स्त्रीच्या जलरंगचित्रात पाहावा. १९४५-४६च्या सुमाराचे हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि पुष्कळ प्रेक्षक ते आजही रविवर्म्यांचे समजतात. येथे प्रकाश चित्राच्या आतच लावलेला आहे, त्याला प्रहर नाही; बोटांच्या कडांवर उमटलेली तांबूस छटा पहिल्या प्रयत्नातच यावी लागते, कारण जलरंगात खोडता येत नाही. उघड्यावर कमावलेला वेग खोलीत वापरलेला येथे दिसतो.

विरोधाची बाजूही नीट मांडली पाहिजे. १८९६मध्ये कलकत्त्याच्या कलाशाळेत आलेले हॅवेल आणि त्यांच्या प्रेरणेने उभे राहिलेले अवनींद्रनाथ यांनी मुंबईच्या वास्तवदर्शनाला नक्कल म्हटले. त्यांच्या आक्षेपात तथ्य होते. प्रदर्शनांसाठी काढलेल्या शेकडो निसर्गदृश्यांत तोच घाट, तीच होडी, तोच पिंपळ येऊ लागला, आणि प्रहराचेही लक्षण बनले: केशरी आकाश म्हणजे संध्याकाळ. चित्रसूत्रातील ब्राह्मण गेले, त्यांच्या जागी केशरी रंग आला. १९४०च्या दशकात मुंबईचे रस्ते व पाऊस रंगवणारे सय्यद हैदर रझा या साच्यातून बाहेर पडण्यासाठी धडपडत होते. ऑस्ट्रियातून आलेल्या वॉल्टर लँगहॅमर यांच्या सहवासात त्यांचे रंग पेटले, आणि १९५०मध्ये ते पॅरिसला गेले.

शांतिनिकेतनने तिसरी वाट काढली. नंदलाल बोस विद्यार्थ्यांना उघड्यावर पाठवीत, स्वतः पोस्टकार्डांवर रोज काहीतरी टिपत. पण टिपलेला क्षण चित्रात जसाच्या तसा नेण्याचा आग्रह त्यांना नव्हता. त्यांचे शिष्य विनोदविहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांनी वीरभूमची तांबडी, पाण्याने कापलेली ‘खोआई’ जमीन आयुष्यभर रंगवली. लहानपणापासून अधू असलेली त्यांची दृष्टी १९५७मध्ये शस्त्रक्रियेनंतर पूर्णपणे गेली. त्यानंतर त्यांनी बंगालीत लिहिलेल्या ‘चित्रकर’ या आत्मपर गद्यात पाहणे हे आठवणीचे आणि स्पर्शाचे काम झाले आहे, आणि प्रहर आता उन्हाच्या उबेवरून कळतो. धुरंधरांचे आत्मकथन आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचण्याचे काम मराठी आणि बंगाली या दोन्ही बाजूंनी अजून व्हावयाचे आहे.